डाव्या पायाला काम नसलेली गाडी

इंजिन मस्त चालू, गिअरची दांडी ‘डी’वर, आणि गाडी जागची हलंना. ॲक्सिलरेटर दाबला की नुसती बोंब मारायची, मग एकदम हिसका देऊन पुढं उडी. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मंचरच्या हायवेवर माझं गॅरेज. जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, काय वाट्टेल ते खोललेलं. पण हे काय प्रकरण आहे तेच कळेना.

गाडी बोरी बुद्रुकच्या तात्यांची. मुंबईत एका शेठकडं ते ड्रायव्हर होते. शेठ गेल्यावर घरच्यांनी ती जुनी अमेरिकन गाडी त्यांनाच देऊन टाकली. गोठ्याशेजारी कित्येक वर्षं पडून होती. त्यांचा मुलगा मिलिंद ती टोचन करून माझ्याकडं घेऊन आला.

गाडी ऑटोमॅटिक. म्हणजे क्लचच नाही. दांडी ‘डी’वर, म्हणजे ‘ड्राइव्ह’वर टाकली की आतल्या तेलाच्या दाबावर गिअर आपोआप बदलतात. ट्रायल घेताना माझा डावा पाय सारखा क्लच शोधायचा.

गिअरबॉक्स खोलला. सील बदलले, सगळं धुतलं, आणि नव्वद नंबरचं घट्ट गिअर ऑइल भरलं. गिअरबॉक्स म्हटलं की नव्वद नंबर, त्यात विचारायचं काय? पण गाडीचं पुन्हा तेच. परत खोललं, तर आत सगळं ठीक! डोकं पार आउट झालं राव.

शेवटी मिलिंदला म्हणालो, “भाऊ, हा गिअरबॉक्सचा डबा भंगारात दे. जीपचा गिअरबॉक्स टाकतो, क्लच बसवतो. टकाटक पळेल.”

दुसऱ्या दिवशी तात्या स्वतःच आले. काठी टेकत, डावा पाय ओढत. ऊस भरलेली ट्रॉली पायावरून गेली होती, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

“क्लच बशिवशील, पर मी दाबू कशानं?” तात्या म्हणाले. “सगळी जिंदगी ष्टेरिंगवर गेली. आता पोरगं न्हेतं तिकडं मागं बसून जायाचं. लई जीव गुदमरतो. ही एकच गाडी माझ्या पायाला चालंल अशी व्हती.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दुखणं तर अजून सापडलंच नव्हतं!

मग कांद्याचा एक ट्रक आला, पॉवर स्टिअरिंग गळत होतं म्हणून. तेही तेलाच्या दाबावरच चालतं. हात घातला तर बोटांना लाल, पातळ तेल. मी तसाच थांबलो. तात्यांच्या गिअरबॉक्समधून निघालेलं तेलही काळपटलेलं, पण कडेला असंच लाल होतं. खराब झालंय म्हणून मी ओतून दिलं होतं. अरे गाढवा! सील बदलून जुनं दुखणं घालवलं होतं, आणि पातळ तेलावर चालणाऱ्या यंत्रात काकवी ओतून मीच नवं लावून बसलो होतो.

सगळं पुन्हा काढलं, धुतलं, लाल तेल भरलं. दांडी ‘डी’वर टाकली. गाडी हूं की चूं न करता सरकली.

तात्या आणि मिलिंद गाडी न्यायला आले. मिलिंद सवयीनं ड्रायव्हरच्या दाराकडं गेला.

“मिल्या, मागं बस,” तात्या म्हणाले.

काठी आत टाकली. दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत ठेवला, बाजूला सारला, आणि हायवेला लागले.

तेव्हापासून कुठलीही गाडी येवो, बॉनेट उघडायच्या आधी मी विचारतो, चालवणार कोण?