सखूच्या गोळ्या, टपालाच्या आणि बारामतीच्या

बारामतीच्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "बाबा, यांचं डोकं फिरलेलं नाही. ऑपरेशनात गर्भपिशवीबरोबर दोन्ही ओव्हरी, म्हणजे बीजकोश काढलेत. इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन तिथंच तयार होतं. ते एकदम बंद पडलं, म्हणून अंगाची आग होते."

मी खाली बघितलं. डोकं फिरलंय असं सहा महिने मीच म्हणत होतो.

सखू माझी बायको. तेव्हा ती चाळिशीत, मी बारा वर्षांनी मोठा, शिक्षण तिसरी. शेळगावात थोडा ऊस आणि दोन म्हशी. ऐन थंडीत ती तव्यावरची भाकरी तशीच टाकून हौदाकडं पळायची, तोंडावर पाणी मारायची. हाक मारली की खेकसायची. हाडं ठणकायची.

बाईंनी तपासण्या करून रोज एक गोळी लिहून दिली. हार्मोन रिप्लेसमेंट, म्हणजे अंगात आटलंय ते औषधानं भरून काढायचं. महिनाभरात सखू माणसात आली. मला टोमणे मारायला लागली. तेव्हा मला बरं वाटलं.

पण महिन्याचं पाकीट नव्वद रुपयांचं, वर येष्टीचं भाडं. पेपरात जाहिरात आली, त्याच नावाच्या गोळ्या टपालानं, पंचेचाळीस रुपयांत. टपालखर्च धरला तरी फायदाच. पार्सल आलं त्या दिवशी पारावर चौघांना ऐकवलं, "दुकानदार लुटत्यात. माणसानं डोकं चालवावं."

बाईंना विचारलं नाही. सखूला म्हणालो, "त्याच हायत."

महिना सरला नाही तोवर ती परत हौदावर. एका दुपारी म्हशीपाशी बसून रडताना दिसली. म्हणाली, "अवो, डाक्तरीणबाईच चुकल्या असतील. माझं डोस्कंच गेलंय. मला म्हायेरी सोडा."

दुसऱ्या दिवशी पहिली येष्टी धरली. बाईंनी दोन्ही पाकिटं शेजारी ठेवली. "नाव तेच, ताकद निम्मी. म्हणून किंमत निम्मी."

सखू माझ्याकडं वळली. "डेअरीत दुधाची फॅट मोजल्याबिगर दर घेत न्हाय तुमी. माझ्या गोळीची फॅट नगं व्हय बघायला?"

बाई हसल्या. मला हसू येईना. बायकोला "चुकलं माझं" म्हणायची माझी ती पहिलीच वेळ. त्याच दिवशी बारामतीची गोळी परत चालू केली.

तुमच्या घरात असं कुणाला होत असेल तर स्वस्त जरूर शोधा, त्यात कमीपणा नाही. पण पाकिटावरचा ताकदीचा आकडा जुळवा, आणि गोळी बदलण्याआधी डॉक्टरला दाखवा.

सखू नुसत्या "चुकलं"वर सोडणारी नव्हती. "पारावर मिशीला पीळ दिला व्हता न्हवं? आता तितंच जाऊन सांगा."

गेलो. सांगितलं. चौघंबी पोट धरून हसले. पण त्यातला एक जण माझ्या मागं मागं घरापर्यंत आला आणि दाराशी हळूच म्हणाला, "आबा, आमच्या कारभारणीचंबी आपरेशनपासनं असंच चाललंय. कुठल्या बाई म्हणायच्या त्या?"

मी तोंड उघडायच्या आत चुलीपाशनं सखूच बोलली, "उद्या तयार ऱ्हा म्हणावं तिला. मी येती तिच्या संगं."