शनिवारचं भांडण

मोटरसायकल काय, कोणीही घेतं. पण ती दारात येऊन उभी राहिल्यावरही तिची खरेदी चालूच ठेवणारा माणूस अख्ख्या वसई-विरारमध्ये एकच, आमच्या समोरच्या फ्लॅटमधले मामा. नात्याने ते माझे कोणी नाहीत. खाडीकाठची शेती भावांवर सोपवून ते मामींसह गोखिवऱ्याला राहायला आले, आणि मामी गेल्यावर त्या फ्लॅटमध्ये एकटेच उरले. त्यानंतर, गुडघे कुरकुरायच्या वयात, त्यांनी मोटरसायकल घेतली.

सीट कव्हर, लेग गार्ड, साडी गार्ड आणि दोन हेल्मेट गाडीबरोबर फुकट, असं शोरूमच्या मॅनेजरने तोंडी कबूल केलं होतं. गाडी आली ती मात्र उघडीबोडकी. दुसरा कोणी चार शिव्या हासडून गप्प बसला असता. मामा दर शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून, लग्नाला निघाल्यासारखे भांडायला निघत. वर भावाच्या वाडीतली केळी बरोबर नेत. "भांडन असलं म्हनून काय, कोनाच्या दारात रिकाम्या हाताने जाऊ नये," हे त्यांचं म्हणणं. मॅनेजर केळी ठेवून घेई, चहा मागवी आणि म्हणे, "मामा, माल आलाच नाही ना. नेक्स्ट शनिवारी पक्का." मामा घरी येऊन मला सांगत, "आज चांगला झापला त्याला." एकदा सीट कव्हर मिळालं, तर शिलाई तिरकी म्हणून यांनी ते परत केलं.

एकदाच ते न झापता परतले. मॅनेजरने, मला नंतर कळलं, सहज विचारलं होतं, "मामा, साडी गार्ड कशाला? मागे बसणार कोण?" त्या दिवशी मामा माझ्याकडे चहालाही थांबले नाहीत.

पुढच्या शनिवारी, बहुधा ओशाळून, मॅनेजरने सगळं एकदम बसवून दिलं. दोन्ही हेल्मेटसुद्धा. मामा जिंकले, आणि त्यांचं जाणंच संपलं. त्यानंतरच्या शनिवारी पाहिलं तर इस्त्रीचा शर्ट घालून दार उघडं टाकून बसलेले. मला फार वाईट वाटलं. मी आत गेलो आणि दुसरं हेल्मेट डोक्यावर चढवलं. अगदी बरोबर बसलं.

"मामा, हे घट्ट होतंय. कान दबतात."

ते उठले. माझ्या गालाशी हेल्मेटमध्ये त्यांनी बोट घातलं. बोट आरामात फिरलं. क्षणभर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"घट्टच हाय," ते म्हणाले. "तू पन चल, दाखवू त्याला." आणि गाडीची किल्ली शोधू लागले.