सुमी कुठं असेल

मास्तरणींच्या खोलीत गोष्टी कुणी मुद्दाम साठवत नाही. दोन तासांच्या मध्ये कुणीतरी काही बोलतं, घंटा होते, आणि ते डोक्यात तसंच राहून जातं. परभणीच्या आमच्या मुलींच्या शाळेतल्या अशा पुष्कळ गोष्टी माझ्याजवळ आहेत.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, कचेऱ्यांत उर्दूऐवजी मराठीचा हुकूम निघाला होता. मी शिवण शिकवायची, कमलताई गणित, पार्वतीबाई मराठी आणि खैरुन आपा उर्दू. सोजरबाई घरोघर जाऊन मुलींना शाळेत घेऊन यायची. त्या श्रावणात तिची चार वर्षांची सुमी तापानं गेली. लहान लेकरू म्हणून पुरलं. दहावा नाही, तेरावा नाही.

पंधरा दिवसांनी सोजरबाई कामावर आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "तुमी शिकल्या-सवरल्या बाया. माजी सुमी आता कुठं आसंल?"

घंटा झाली. प्रश्न मात्र महिनाभर खोलीतच राहिला.

*

पहिलं उत्तर कमलताईंनी दिलं. "अगं, तिनं कुठंतरी जन्म घेतलाही असेल. चांगल्या घरी."

सोजरबाईनं जरा विचार केला. "मंग ती तिथल्या बाईलाच आई म्हनंल की."

पुढचा तास कमलताईंनी मुलींना नुसते पाढे म्हणायला लावले आणि स्वतः खिडकीशी बसून राहिल्या.

*

पार्वतीबाई लिंगायत. त्यांच्यात माणसाला बसवून पुरतात. गेलेला शिवात मिसळतो, पुन्हा जन्म नाही.

मी भीत भीत विचारलं, "बसवून का?"

"शिवासमोर कुणी आडवं पडतं का?" त्या म्हणाल्या. "आमचे सासरे जन्मभर एका जागी बसले नाहीत. शेवटी बसवलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, आता सापडले."

सगळ्या हसलो. सोजरबाईसुद्धा हसली. मग म्हणाली, "पन समदे मिसळल्यावर, मी हाक मारली तर ओ कोन दील?"



*

पितृपक्षात एक दिवस कमलताई उशिरा आल्या. त्यांचे वडील तहसिलीत पेशकार होते, सारा जन्म उर्दूत गेलेला. त्यांच्या पानाला कावळा शिवेना.

"भावानं सगळं कबूल करून पाहिलं," कमलताई सांगायला लागल्या. "शेत विकणार नाही म्हणाला, धाकटीचं लग्न लावून देतो म्हणाला. कावळा आपला भिंतीवर बसून बघतोय. शेवटी भाऊ वैतागला आणि म्हणाला, तशरीफ लाइए, पेशकारसाब. कावळा लगेच पानावर!"

खैरुन आपा वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मराठीचा हुकूम अजून वर पोचला नसंल."

*

आपांच्यात मात्र परीक्षा असते. कबरीत दोन फरिश्ते येतात आणि विचारतात, तुझा रब कोण, तुझा दीन म्हणजे धर्म कोणता, तुझा पैगंबर कोण.

"म्हणजे पेपर आधीच फुटलाय की," पार्वतीबाई म्हणाल्या.

"फुटलाय ना. तरी लोक नापास होतात."

सोजरबाई दारातून ऐकत होती. "आपा, लेकरांला बी इचारत्यात?"

"नाही गं. लेकरांना सवाल नाहीत. ती सरळ जन्नतमध्ये."

"आमच्यातल्या बी?"

आपांनी टाक खाली ठेवला. "एवढ्याशा लेकराला कोण मजहब विचारतं?"

मग त्या हळूहळू सांगत गेल्या. त्यांच्या अम्मा म्हणायच्या, लेकरू आत जातच नाही. दारात आईची वाट बघत थांबतं. आई दिसली की तिचा पदर धरतं आणि ओढत आत नेतं. कुणी अडवलं तरी सोडत नाही. आपांचीही दोन लेकरं गेली होती. हे त्यांनी आम्हाला आधी कधी सांगितलं नव्हतं.

 सोजरबाई मुलींना पोचवायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली. लुगड्याचा पदर माझ्यापुढे धरून म्हणाली, "बाई, ह्याला शिवण घालून द्या. लय विरलाय."

मी एक टीप घालून दिली. तिनं पदर दोन्ही हातांनी ताणून पाहिला आणि परत माझ्या हातात दिला.

"आजून एक घाला," ती म्हणाली. "सुमी लय जोरात ओढती."