भाकरी करणाऱ्या बाईंचं नाव

मॅडमनी माझी वही दोन बोटांनी उचलली. चिखलातली चप्पल उचलावी तशी. मग सगळ्या वर्गासमोर मोठ्यानं वाचली.

"रोहन डोंगरात हरवला म्हणून सगळे रडले. तो सापडल्यावर सगळे जेवले. पण भाकरी करणाऱ्या बाईंना पुस्तकात नावच नाही. त्या जेवल्या का?"

आधी मॅडम हसल्या. मग वर्ग हसला. परवानगी मिळाली होती.

"एवढी सुंदर गोष्ट, आणि हिला पडलीय भाकरीची! साहजिक आहे म्हणा. घरी जे बघणार, तेच पुस्तकात दिसणार."

मागून एक मुलगा म्हणाला, "हिची आई बंगल्यावर भांडी घासते, मॅडम!"

मॅडमनी त्याला गप्प केलं नाही.

लोणावळ्यातली शाळा. मी सहावीत. आम्ही मूळचे टाकवे बुद्रुकचे. आई-वडील एका बंगल्याची राखण करायचे, मागच्या खोलीत आम्ही राहायचो. शनिवार-रविवार मालकांचे पाहुणे यायचे. आई चुलीवर भाकरी करायची. पाहुणे फोटो काढायचे. भाकरीचे. तिला सगळे मावशी म्हणायचे. नाव कोणी विचारलं नाही.

त्या वर्षी शाळेत वाचन नोंदवही सुरू झाली होती. पुस्तक वाचायचं आणि आपल्याला काय वाटलं ते लिहायचं. पहिल्या दिवशी मॅडमच म्हणाल्या होत्या, "यात चूक-बरोबर काही नाही. मनातलं लिहा." मी त्यांच्यावर विश्वास ठेवला होता.

आता त्या फळ्याकडे वळल्या. वर लिहिलं, माझे मत. खाली लिहिलं, मला रोहन आवडला कारण तो शूर आहे.

"सगळ्यांनी उतरवून घ्या. शुक्रवारी साहेब वह्या बघायला येणार आहेत. आणि तू, ते पान फाड."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. सगळ्या वर्गाचं मत फळ्यावरून वहीत उतरलं. अक्षर तेवढं वेगवेगळं.

घरी आईला सांगितलं. ती परात धूत होती. ती हसली नाही.

"मग त्या बाईचं नाव काय हुतं?"

"पुस्तकात नाही."

"इचारलंस ते बरं केलंस." मग परात उपडी घालून म्हणाली, "पर म्याडमला उलटं बोलू नगं, पोरी. शाळा गेली तर कुटं जायाचं?"

मी उलटं बोलले नाही. पानही फाडलं नाही.

शुक्रवारी वह्या टेबलावर मांडल्या. माझी वही मॅडमनी कपाटात टाकली. साहेब वह्या चाळत होते, "वा, वा" म्हणत होते. सगळीकडे रोहन शूर होता. मग त्यांनी मला विचारलं, "बाळ, तुला कोण आवडलं?"

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. एक शब्द म्हटला असता तर सुटले असते.

"भाकरी करणाऱ्या बाई. माझी वही कपाटात आहे, सर."

"छान, छान," साहेब म्हणाले आणि पुढच्या बाकाकडे गेले. कपाट कोणी उघडलं नाही.

सोमवारी आईला बोलावणं आलं. खुर्ची रिकामी होती, आई उभी होती. "मुलीला जरा वळण लावा," मॅडम म्हणाल्या. आईनं हात जोडले. "चुकलं पोरीचं, म्याडम." माझं काही चुकलं नव्हतं हे तिला माहीत होतं. तरी तिला ते म्हणावं लागलं. हे मी मॅडमना माफ केलेलं नाही.

आता मी मोठी झाले आहे. दर रविवारी बेडसे गावातल्या मुलांबरोबर पुस्तकं वाचते. त्यांच्याही नोंदवह्या आहेत. गेल्या महिन्यात त्या वह्या देणाऱ्या संस्थेच्या ताई पुण्याहून आल्या. एका वहीपाशी थांबल्या. तिथं लिहिलं होतं, 'गोष्ट आवडली नाही. राजा चुकला तरी त्याला कोणीच ओरडत नाही.'

"गोड आहे," ताई म्हणाल्या, "पण अहवालात बरं दिसत नाही. एखादं नमुना उत्तर फळ्यावर लिहून देत जा ना."

"नाही."

"मग पुढच्या वर्षी वह्यांचं अवघड होईल हं."

"राहू द्या. पाठकोऱ्या कागदांवर लिहू."

ताई गेल्या. त्या वह्या आता येणार नाहीत. मुलांना मी ते सांगितलं, का तेही सांगितलं. मग आम्ही पुढचं पुस्तक उघडलं. फळा भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे. या पोरांचं मत त्यांना कोणीही लिहून देणार नाही. साहेब नाही, ताई नाही. मीसुद्धा नाही.