मोठ्या आकड्याच्या गाड्या

हायवेवर पळत्या गाडीला हात करायचा म्हणजे काय असतंय, ते गाडीत बसलेल्याला कधी कळायचं न्हाई. तुम्हाला दिसतंय एक पोलीस, अंगात चमकणारं जाकीट, हातात लाल दांडकं. तुम्ही मनातल्या मनात एक शिवी हासडता. आणि मला काय दिसतंय सांगू? एवढं मोठं लोखंड माझ्याकडं तोंड करून सुटलंय, आणि त्याचा ब्रेक दाबायचा का न्हाई हे आत बसलेला कुणीतरी ठरवणार हाय. तो कोण, कसला, प्यालाय का झोपलाय, मला काय म्हाईत न्हाई. तरी मी हात करतो.

माझं नाव विद्याश्री. माहेर कुरुंदवाड, नोकरी पोलिसात. मी बाई हाय, पण आमच्याकडं बायकाबी 'आलो-गेलो'च म्हणत्यात, तवा गोंधळू नका. आमची ड्युटी पुणे-बेंगलोर रोडवर, कागलच्या अलीकडं. काम दोघांचं. पुलाच्या अंगाला आमची गाडी लावलेली असती, तिच्यात स्पीडगन घेऊन प्रभुलिंग मामा. तिथनं पुढं, हाक पोचायची न्हाई एवढ्या लांब, रस्त्याकडंला मी. शंभराच्या वर कोण पळाला की मशीनच फोटो काढतंय, चलन मोबाईलवर जातंय. पण लईच वर असला तर मामांनी वॉकीटॉकीवर मला गाडीचा रंग आणि आकडा सांगायचा. मग मी पुढं व्हायचं, हात करायचा, गाडी कडंला घ्यायची, दारूबिरू प्यालाय का बघायचं.

मामांचं गाव कर्नाटकाच्या हद्दीला चिकटून. घरात कानडी, ठाण्यात मराठी, रागात दोन्ही. कपाळाला विभूती, ती दुपारपत्तूर घामानं टोपीत उतरलेली. माणूस रिटायरमेंटला आलेला, देह दांडगा, पण घाबरट असा की विचारू नका. एकाच दिशेचा रस्ता असला तरी दोन्हीकडं बघितल्याशिवाय पाय टाकायचं न्हाईत. लांब कुठं ट्रकचा टायर फुटला तरी मान खांद्यात घालायचं. ठाण्यातली पोरं त्यांना तोंडावर 'भित्रं मामा' म्हणायची आणि मामाबी हसून व्हय म्हणायचं. मला 'तंगी' म्हणायचं, म्हणजे कानडीत धाकटी बहीण. ड्युटी सुरू व्हायच्या आधी माझ्या जाकिटाची चेन वर ओढलीय का बघायचं. मी वैतागायचो. नीलम्मा आक्का, म्हणजे त्यांची बायको, माझ्यासाठी भाकरी आणि शेंगांची चटणी धाडायची आणि वर निरोप द्यायची की तुमचं मामा झोपंत गाड्यांचं आकडं बोलत्यात, जरा समजावून सांगा की. मी म्हणायचो, आक्का, झोपंत तरी बोलत्यात, हितं निम्म्या वेळी बोलतच न्हाईत.

आणि ते खरंच हुतं. मला कळायला थोडा वेळ लागला, पण कळलं. उन्हाळ्याच्या तोंडाला एक निळी गाडी माझ्या पुढ्यातनं अशी गेली की डोक्यावरची टोपी उडून चरात पडली. वॉकीटॉकी गप. मला वाटलं मशीन बिघडलं. मग त्यानंतर एक पांढरी गेली, मग एक काळी, दोन्ही वाऱ्यागत, आणि मामा गप. पण त्यांच्या मागनं बिचारा कोण बायकापोरं घेऊन एकशेदहाच्या आतबाहेर आला की लगेच मामांचा आवाज, तंगी, लाल गाडी, घे कडंला. मी आठवडाभर कान देऊन बघितलं. साध्या जोरात पळणाऱ्यांचं आकडं येत हुतं. खरोखर जी गाडी उडून चाललीय तिचा एकबी आकडा माझ्यापत्तूर येत नव्हता.

माझं डोस्कं फिरलं. माझं डोस्कं तसंबी लवकर फिरतंय, घरात सगळ्यांना म्हाईत हाय. पुलाखाली चहा पीत हुतो तितंच मी मामांना धरलं. म्हणलो, तुमची नजर गेलीय का नियत गेलीय ते तरी सांगा. मामांनी कप खाली ठेवला. माझ्यावर उखडलं न्हाईत. म्हणालं,

"एकशेदहावाला थांबतोय, तंगी. त्याला पोलिसाचं भ्या असतंय. एकशेचाळीसवाल्याला कशाचंच भ्या नसतंय. आणि त्याच्यापुढं उभारणार कोण? तू."

मग त्यांनी मला विश्वजितचं सांगितलं. माझ्याआधी माझ्या जागी विश्वजित असायचा. मला एवढंच ठाऊक हुतं की तो ड्युटीवर गाडीखाली गेला. मामा त्या दिवशी गनवर हुतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मामांनी आकडा सांगितला, गाडीचा रंग सांगितला, घे म्हणालं, आणि पोरगं पुढं झालं. गाडी थांबली न्हाई. मामांनी सगळं मशीनच्या काचंतनं बघितलं. 'माझ्या तोंडातनं आकडा गेला आणि त्यो पुढं झाला,' एवढंच मामा परत परत म्हणत राहिलं.

मला वाईट वाटलं. न्हाई कसं वाटंल? पण राग उतरला नव्हता. मी म्हणलो, मला वाचवताय, बरं झालं, पण त्या गाडीच्या वाटंत पुढं जो येईल त्याचं काय? फाट्यावर बायका एसटीची वाट बघत उभारल्यात, ऊसाचा ट्रॅक्टर दिव्याबिगर चाललाय, त्यांचा जीव काय रस्त्यावर पडलाय? निदान पुढच्या नाक्यावर तरी कळवा की. मामांनी माझ्याकडं बघितलं ते मला अजून आठवतंय.

"नाक्यावर काय भिंत हाय व्हय? तितंबी माणूसच उभारलेला असतोय."

आणि सांगितलं की प्रत्येक वेळी अशी गाडी सोडली की त्यांचं दुसऱ्या कशातच ध्यान लागत न्हाई. ती कागल सोडून, नदी ओलांडून हद्दीपलीकडं गेली असंल असं वाटंपत्तूर ते कागलच्या बाजूलाच बघत बसत्यात. मला तवा त्यातलं काय कळलं न्हाई. मी तोंडाला येईल ते बोललो. म्हणलो, तुमचं भ्या तुमच्यापाशी ठेवा, माझ्या जिवाचा ठेका तुम्हाला कुणी दिलेला न्हाई. आजपासनं तुम्ही सांगा न्हाईतर नका सांगू, मला डोळं हायत. चहा तसाच टाकून मी उठलो.

दोन-तीन दिवस मी माझ्या डोळ्यांनी काम केलं. लांबनं गाडी कशी येतीया त्यावरनं अंदाज येतोच की. दोघंजण थांबलंबी. एक तर चांगलाच प्यालेला निघाला. मी मामांकडं बघून दांडकं हालवलं, म्हणजे बघा, थांबत्यात का न्हाई. रग जिरत नव्हती माझी.

मग ती राखाडी गाडी आली.

उन्हं कलली हुती. पुढनं ऊसाचा ट्रॅक्टर चाललेला, त्याला डावीकडनं मारून ती बाहेर पडली, आणि मी पुढं झालो. हात वर केला. वॉकीटॉकीवर मामांचा आवाज आला, विद्या, मागं सर, मागं सर. त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नव्हती, म्हणून मी ऐकलं, न्हाईतर ऐकलं नसतं. पण ऐकून उपयोग काय? पाय हालंनात. माझंच पाय, आणि माझं ऐकंनात. गाडी जवळ आली तसा मला आतला माणूस दिसला. तरणा पोरगा. तो माझ्याकडं बघतच नव्हता. मान खाली, मांडीवर मोबाईल, आणि तोंडावर हसू. मी हात केलाय, मी उभारलोय, मी जित्ती हाय, ह्यातलं त्याला काय म्हाईतच नव्हतं. मला त्या हसण्याचं जेवढं भ्या वाटलं तेवढं गाडीचं वाटलं न्हाई.

त्यानं मान वर केली का न्हाई मला ठाऊक न्हाई. फाटकन आवाज झाला. हातातलं दांडकं गेलं, गाडीच्या आरशानं उडवलं. मी चराच्या कडंला बसलो हुतो. मी बसलो का पडलो तेबी आठवत न्हाई. पँट ओली झालती. सांगतो, लाज कसली त्यात.

मामा पळत आलं. एवढा दांडगा माणूस, डोक्याला टोपी न्हाई, कुठंबी न बघता पळत आलं. माझं हात धरून एकेक बोट दाबून बघितलं, मनगट बघितलं, पाय सरळ करून बघितलं. तोंडानं कानडीत काय तरी पुटपुटत हुतं. मला वाटलं आता झापतील, सांगितलं हुतं का न्हाई म्हणतील. त्यांनी नुसती माझ्या जाकिटाची चेन वर ओढली. गाडीचा फोटो निघाला हुता, चलन गेलं असंल. ती पुढं कुठं गेली, मला आजवर ठाऊक न्हाई.

सुट्टी घेतली, घरी बसलो, परत आलो. साहेबांनी विचारलं ठीक हाय का, मी म्हणलो एकदम ठीक. ठीक कसलं घंट्याचं. मामा आकडा सांगायचं, साधा एकशेपाचचा, आणि मी हात वर करता करता एक पाऊल मागं यायचो. लोक तसंच निघून जायचं. एका म्हातारबाबांनी आपणहून गाडी थांबवली आणि खाली उतरून मलाच विचारलं, पोरी, बरं न्हाई का गं? मी त्यांना जावा म्हणून सांगितलं आणि पुलाच्या खांबाआड जाऊन रडलो. भ्या असं असतंय हे मला म्हाईत नव्हतं. मला वाटायचं भ्या म्हणजे आपण कुणाला तरी घालायचं असतंय.

मामांना सगळं दिसत हुतं, त्यांच्या हातात दुर्बिणीगत मशीनच हाय. दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्युटीच्या आधी माझ्या हातातनं दांडकं काढून घेतलं आणि म्हणालं, तू आत बस. विश्वजित गेल्यापासनं मामा त्या जागी एकदाबी उभारलं नव्हतं. मी न्हाई म्हणलो, पण कसं म्हणलो ते मला ठाऊक हाय. तोंडातल्या तोंडात म्हणलो. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून माझीच मला लाज वाटली.

मी गनवर बसलो. मामा चालत चालत माझ्या जागेवर गेलं. शर्टाखाली गळ्यात इष्टलिंग असतंय, त्यावर हात ठेवून थोडा वेळ तसंच उभारलं. मग रस्त्याकडं तोंड केलं. लांबनं बघितलं तर साधा म्हातारा दिसत हुता, कुठं तरी जायला निघालेला.

पहिली गाडी एकशेबारा. मी वॉकीटॉकीचं बटण दाबून सांगितलं, मामा, मरून रंगाची गाडी. मामांनी हात केला. आधी दोन्हीकडं बघून घेतलं, पण केला. गाडी थांबली. मामा वाकून आतल्याशी बोललं, त्याला सोडलं, आणि माझ्याकडं बघून मान हालवली. मलाबी जरा धीर आला. अशा आणखी दोन झाल्या. मी मनात म्हणलो, निघंल दिवस.

मग लांबनं एक काळी आली. मशीन लावलं. एकशेसत्तेचाळीस.

अंगठा बटणावर हुता. तोंड उघडलं हुतं. सांगायला किती वेळ लागतोय? काळी गाडी, एकशेसत्तेचाळीस, एवढंच तर. सांगितलं असतं तर मामा पुढं झालंच असतं. त्यांच्या मनात आता एकच हुतं, की ह्या पोरीपुढं आपण भ्यायचं न्हाई. मला फाट्यावरच्या बाया दिसत हुत्या, दिव्याबिगर चाललेला ट्रॅक्टर दिसत हुता, चहा पिताना मी काय काय बोललो ते सगळं कानात वाजत हुतं. आणि मामा दिसत हुतं, जाकीट नीट बसलेलं नव्हतं, एका खांद्यावरनं सरकलं हुतं.

मी बटण दाबलं न्हाई.

काळी गाडी माझ्या बाजूनं गेली, आमची गाडी हालली. मग मामांच्या पुढनं गेली. मामांचं जाकीट फडफडलं. मामा जागच्या जागी राहिलं, मग हळूच माझ्याकडं वळलं. तोंड दिसायला अंतर लई हुतं. वॉकीटॉकी खरखरली.

"तंगी, किती हुती?"

"एकशेआठ, मामा."

गाडी गेली तिकडं मामांनी एकदा बघितलं. मग म्हणालं, व्हय. दुसरं काय न्हाई. ते रस्ता सोडून कठड्याच्या आत आलं, दगडावर बसलं, आणि मीबी मशीन खाली ठेवलं. ती नदी ओलांडून हद्दीपलीकडं गेली असंल असं वाटंपत्तूर आम्ही दोघंबी दोन जागी बसून कागलच्या बाजूला बघत राहिलो.