आईच्या राउटरमधली ओळ

आई तळमजल्यावर राहायची आणि मी त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. पनवेलमध्ये घर घेताना मी तिला माझ्याकडेच ये म्हटलं होतं. ती म्हणाली, "तुज्याकडं सुकं बोंबील वालत घातलं तर वरचे-खालचे मिलून तुलाच बाहेर काडतील." म्हणून खालचं वेगळं घर. मागे दोन हात जागा, तिथे तिची दोरी, दोरीवर बोंबील. तक्रारी व्हायच्या त्या झाल्याच. आई सगळ्यांना एकेक पुडी बांधून द्यायची आणि तोंडं बंद करायची.

ती न्हाणीघरात एकदा पडली तेव्हा मी तिच्या खोलीत कॅमेरा लावायचा हट्ट धरला. आईची खोली कुठल्या तरी परदेशातल्या मशीनमधून फिरून माझ्या फोनवर यावी हे मला नको होतं. माझा राउटर वेगळा, तिचा वेगळा, तिला टीव्हीच्या केबलवाल्याने दिलेला. मी पाइपांच्या पोकळीतून एक वायर खाली सोडली, दोन्ही राउटर जोडले आणि माझ्या राउटरमध्ये एक ओळ लिहिली: खालच्या घराकडे जायचं असेल तर या वायरने जा. एवढं करून फोन उघडला, तर पडदा काळा. मी पगार घेते तो कॉम्प्युटरच्या कामाचा, तरी रविवार गेला त्यात. शेवटी लक्षात आलं, जायचा रस्ता लिहिला होता, यायचा लिहिलाच नव्हता. माझी विचारणा खाली पोचत होती, पण उत्तर कुठून परत पाठवायचं हे आईच्या राउटरला ठाऊक नव्हतं, म्हणून तो ते भलतीकडे फेकून देत होता.

आईला हे सांगितलं तर ती पदराने तोंड झाकून हसली. "मंजे तुज्या घराची वाट माज्या डब्याला ठावं नाय? मला इचारायचं ना, मी रोज जिना चडते." मग मी तिच्या राउटरमध्ये परतीची ओळ लिहिली आणि माझ्या फोनवर आई आली, लसूण सोलत बसलेली.

कॅमेऱ्यातून बोलता यायचं. आधी तिला तो आवडला नव्हता. लुगडं बदलताना ती त्याच्यावर टॉवेल टाकायची आणि टाकताना बजावायची, "आता बघू नको." पुढे तोच तिचा हाताशी असलेला माणूस झाला. बाजारातून आणलेली मांदेली ती थेट त्याच्यासमोर धरायची. मी वर घरूनच ऑफिसच्या मीटिंगमध्ये, आणि फोनवर मासळीचे डोळे. "ताजी हाय का बघ. खाली ये जेवायला." खोलीत कोणी हललं की फोन टिणटिणायचा. दिवसभर इतका वाजायचा की मी वैतागायचे, आणि वैतागून खाली जेवायला जायचे.

ती गेली त्या दुपारी फोन वाजला नाही. मी एकदा उघडून बघितलं, आई कुशीवर झोपली होती. बरं झालं, जरा आराम करतेय, असं वाटलं. डॉक्टर म्हणाले झोपेतच गेली, कोणी जवळ असतं तरी काही करता आलं नसतं. मी ते मानते. पण त्या दिवसापासून फोन शांत असला की मी तो पुन्हा पुन्हा उघडून बघते.

करंजाहून मावशी आली. आईची धाकटी बहीण, बंदरावर मासळी विकून आवाज कमावलेली. आईने जिथे प्राण सोडला तिथे तिने दिवा लावला, परातीत तांदळाचं पीठ पसरून हाताने सारखं केलं आणि परात दिव्यापुढे ठेवली. आमच्यात तसं करतात. खोली बंद ठेवायची, सकाळी उघडायची. गेलेला माणूस ज्या जन्माला जातो, त्याचं पाऊल पिठात उमटतं म्हणतात.

मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी परात बघितल्यावर माझी नजर सरळ कॅमेऱ्याकडे गेली. तो बरोबर त्या पिठावर रोखलेला होता. मावशीनेही ते पाहिलं.

"त्याचा डोला मिटव," ती म्हणाली. "ती लाजंल. कुनी बघत असलं तर येनार नाय."

"मी नाही बघणार, मावशी."

"तू बघशील. तुला मी न्हानपनापासून वलखते."

तिचं खरं होतं. ज्योत हलली तरी माझा फोन वाजत होता, आणि दर वेळी मी तो झडप घालून उचलत होते. मला आई यायला हवी होती. मांजर होऊन, कावळा होऊन, कशीही. आणि ती येताना मला दिसायला हवी होती. पण माझ्या बघण्यामुळे ती उंबऱ्यातून परत फिरली तर काय, ही भीती एकदा मनात शिरली ती निघेना. मावशीने आईचाच टॉवेल कॅमेऱ्यावर टाकला. मला स्वतःचा भरवसा नव्हता. टॉवेल असला तरी कान लावून बसले असते. वर जाऊन मी माझ्या राउटरमधली ती ओळ काढून टाकली. त्याने विचारलं, नक्की काढायची का? मी हो म्हटलं. फोनचा पडदा पुन्हा काळा झाला, त्या पहिल्या रविवारसारखा.

सकाळी मावशीने दार उघडलं. दिवा मंद तेवत होता. ती परातीवर वाकली, मग गुडघे टेकून बसली, पदराने डोळे पुसून पुन्हा बघितलं. मीही वाकले. पीठ जसंच्या तसं होतं. मावशीच्या तळहाताने सारखं केलेलं तेवढं दिसत होतं. एक मुंगीसुद्धा फिरकली नव्हती.

मावशीने हात जोडले. "पाऊल नाय," ती म्हणाली. "सुटली माजी बाय. आता तिला कुटं येयाचं नाय." तिचा चेहरा उजळला होता. जमलेल्या बायका म्हणाल्या, भाग्यवान, असं फार थोड्यांचं होतं. मला रडू आवरेना. मला तिचं भाग्य नको होतं, मला एखादा ओरखडा पुरला असता. मावशीला वाटलं मी समाधानाने रडतेय. तिने मला जवळ घेतलं आणि मी तिला तसंच वाटू दिलं.

तेरावं आटोपल्यावर मावशी करंजाला निघाली. जाण्याआधी खालचं घर बंद करायला आम्ही दोघी गेलो. तिने गॅस बघितला, फ्रिज रिकामा करून उघडा ठेवला, मागची दोरी सोडून गुंडाळली, एकेक बटण बंद करत भिंतीपाशी आली. तिथे आईचा राउटर होता. माझ्याकडची ओळ मी काढली होती. त्याच्यातली, वर माझ्याकडे यायची, तशीच होती.

"ह्यो डबा पन बंद करू?" मावशीने विचारलं.

"नको," मी म्हटलं. "तो राहू दे चालू."

तिने बटणावरचा हात काढून घेतला, आणि आम्ही दाराला कुलूप लावलं.