डावीकडे कललेली गाडी

आमची इमारत पाडायचं नक्की झालं तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरीने गाड्यांसाठी फर्मान काढलं. घाटकोपरच्या त्या आवारात वर्षानुवर्षं धूळ खात पडलेल्या स्कूटर, गंजलेल्या सायकली, चाकं नसलेली एक मोटार, सगळं भंगारवाला टेम्पोत घालून नेणार होता. जी गाडी स्वतःच्या इंजिनावर गेटबाहेर पडेल ती मालकाची, बाकीच्यांवर पाणी सोडायचं. सेक्रेटरी माझ्या निम्म्या वयाचा, स्वभावाने बरा, पण माणसाशी बोलताना मोबाइलकडे बघणारा.

"काका, तुमची ती फटफटी चालू आहे ना?"

"होईल चालू."

"होईल नको, आहे का सांगा. नाहीतर भंगारवाल्याला सांगून टाकतो."

मी त्याला म्हटलं, तू तुझं काम कर रे, गाडी माझी आहे.

गाडी चालू नव्हती. बायको गेल्यापासून मी तिला किकच मारली नव्हती. जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल ती. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून द्यायचं, मग निळा धूर सोडत, टणटण करत निघायची. लग्नानंतर घेतली आणि तीस वर्षं आम्ही दोघंच तिच्यावरून फिरलो. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे पेट्रोलच्या टाकीवर कुणाला बसवायचा प्रश्न कधी आला नाही. ही गाडी भंगारात गेली असती तर आम्ही दोघं मिळून जगलो याची दुसरी काहीच खूण माझ्याकडे राहिली नसती. फोटो होते, पण फोटोत ती नेमके डोळे मिटायची.

गाडी बनवणाऱ्या कंपनीने ती बनवणं केव्हाच बंद केलं होतं. पार्ट मिळेनासे झाले तसे मी ते घरी करायला लागलो. नोकरीभर मी भांडुपच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होतो, त्यामुळे हात चालायचा. घरच्या गॅलरीत एक जाड टेबल, त्यावर लोखंड घट्ट धरायचा शिकंजा बसवलेला, बाजूला कानशी आणि ड्रिल. इतकं असलं की बरंच काही होतं. क्लचची लिव्हर, सायलेन्सर धरणारी पट्टी, किकची खुंटी, सगळं त्या टेबलावर झालं. बायको टॉर्च धरायची. धरता धरता बोलायची, बोलताना तिचा हात हलायचा आणि उजेड माझ्या कामावरून उठून भिंतीवर जायचा. मी खेकसायचो, ती तेवढ्यापुरती गप्प व्हायची. या वेळी टॉर्च मी कपड्यांच्या दोरीला बांधली. ती जराही हलत नव्हती आणि मला ते सहन होत नव्हतं.

इंजिन उघडलं. वरचं झाकण, म्हणजे हेड, वाकलं होतं. ते सपाट आहे की नाही हे बघायला टूलरूममध्ये निळा रंग असतो. घरी मी पहिल्यापासून कुंकू वापरायचो. काचेवर तेलात कालवलेलं कुंकू पातळ पसरायचं, त्यावर हेड घासायचं, जिथे लाल डाग पडेल तो उंचवटा. तेवढाच खरवडायचा. पहिल्यांदा केलं तेव्हा तिने देवासमोरची रिकामी वाटी आणून माझ्या नाकासमोर धरली होती.

"अहो, देवाचं कुंकू मोटरसायकलला?"

"दसऱ्याला तूच लावतेस ना गाडीला?"

"मी वरून लावते. आत नाही घालत."

त्यानंतर ती माझ्यासाठी वेगळी पुडी आणून ठेवू लागली. आता घरात तिची कुंकवाची अर्धी भरलेली डबी तशीच होती आणि तिला हात लावणारं कुणी नव्हतं. मी ती उघडली आणि काचेवर कुंकू घातलं. मग हेड घासायला घेतलं. हेड आणि सिलिंडर यांच्यामध्ये बसतं ते तांब्याचं पॅकिंग पत्र्यातून कापलं, गॅसवर लाल होईस्तोवर तापवलं आणि पातेल्यातल्या पाण्यात सोडलं. तांबं असं मऊ होतं. पातेलं दुधाचं होतं, पण ओरडायला कुणी नव्हतं.

गाडी सुरू झाली. आवारात निळा धूर भरला, वरच्या मजल्यावरच्या दोघीतिघींनी खिडक्या लावून घेतल्या. मला फार बरं वाटलं. मी चढलो आणि इमारतीभोवती चक्कर मारली. गाडी डावीकडे ओढत होती. फार नाही, पण हायवेवरून मुलुंडला न्यायची तर तेवढंही नको. भाड्याची खोली मुलुंडला मिळाली होती आणि माझी हाडं आता पडायच्या वयाची राहिलेली नाहीत.

चाकं दोरी लावून तपासली, एका रेषेत होती. मग मागचे दोन शॉकअप मोजले. डावा उजव्यापेक्षा बोटभर बुटका. स्प्रिंग दबून गेली होती. ती का दबली हे शोधायला मला काही करावं लागलं नाही. बायको कायम साडीत, दोन्ही पाय डावीकडे सोडून बसायची. खांद्याला पिशवी, तीही डाव्या. तीस वर्षं ती त्या एका स्प्रिंगवर बसली होती.

कुर्ल्याच्या स्पेअर पार्टच्या बाजारात हिंडून आलो. या गाडीची स्प्रिंग कुणाकडेच नव्हती. म्हणजे एकच उपाय, बुटक्या स्प्रिंगखाली अॅल्युमिनियमचं कडं घालायचं आणि डावी बाजू उचलायची. तासाभराचं काम. मी आठवडा घालवला. मला ती स्प्रिंग तशीच हवी होती. तिचं वजन त्या लोखंडात जसंच्या तसं राहिलं होतं आणि मीच ते कडं घालून पुसायला निघालो होतो. घरात कुणी असतं तर मला वेडा म्हणालं असतं आणि मी मुकाट्याने कामाला लागलो असतो. कुणी नव्हतं, म्हणून मी रोज खाली जाऊन त्या स्प्रिंगला हात लावून वर यायचो.

शेवटी सेक्रेटरीने भंगारवाल्याचा टेम्पो कधी येणार ते सांगितलं आणि मी पाइपचा तुकडा शिकंज्यात धरला. कडं कापलं, कानशीने दोन्ही तोंडं सरळ केली. शॉकअपमधून स्प्रिंग काढणं हे मात्र दोन माणसांचं काम असतं. एकाने जोर लावून दाबायची, दुसऱ्याने वरची चकती काढायची. आमच्यात दाबायचं काम तिचं होतं, मालवणची होती, नारळ सोलून मनगटं तयार झालेली. आता मी दोन पट्ट्या आणि दोन लांब बोल्ट घेऊन स्प्रिंग दाबायचं एक साधन बनवलं. चांगलं झालं. असं एकट्याने काम करायचं साधन मी आयुष्यात पहिल्यांदा बनवलं.

कडं घातलं. दोन्ही बाजू मोजल्या, सारख्या. चक्कर मारली तर गाडी उजवीकडे जायला लागली. मी कडं काढलं, थोडं घासलं, परत घातलं. तेच. परत घासलं. हातात कानस असली की फिटरला सगळा दोष लोखंडातच दिसतो. घासून घासून ते कडं चकतीएवढं पातळ झालं, गाडी परत डावीकडे ओढायला लागली आणि ते फेकून द्यावं लागलं. दुसरं केलं, पहिल्या मापाचं, आणि सेक्रेटरीला खाली बोलावलं. म्हटलं, सारखा मोबाइल बघतोस ना, मग माझं एक काम कर, मी गेटपर्यंत जातो, तू मागून व्हिडिओ काढ. मला चाक बघायचंय.

त्याने काढला. आम्ही दोघं जिन्याच्या पायरीवर बसून बघत होतो. चाक सरळ होतं, सीट सरळ होती, गाडी ओळंब्यात होती. मी वाकडा होतो. माझं सगळं अंग उजवीकडे झुकलेलं, डावा खांदा वर, मागे डाव्या अंगाला कुणीतरी बसलंय आणि तिचं वजन मी तोलतोय असा. तीस वर्षांत मला हे कधी कळलं नव्हतं.

सेक्रेटरीने व्हिडिओ परत लावला, मग मध्येच थांबवला. त्याने काकीला माझ्या मागे बसून जाताना लहानपणापासून पाहिलं होतं.

"काका, टेम्पोत घालून पाठवू का मुलुंडला? माझ्या ओळखीचा टेम्पो आहे, भंगारवाल्याला नाही देत."

"नको," मी म्हटलं. "चालवतच नेतो."

सरळ बसायचा प्रयत्न मी पुष्कळ केला. लक्ष असेपर्यंत जमायचं, लक्ष उडालं की अंग आपलं उजवीकडे. या वयात अंगाला कुठलं कडं घालणार. मग टेबलावरचा शिकंजा सोडवला, चांगला जड, ओतीव लोखंडाचा. गोणपाटात गुंडाळला आणि मागच्या सीटच्या डाव्या बाजूला, ती बसायची तिथे, दोरीने घट्ट बांधला. मी नेहमीसारखा बसलो. गाडी नाकासमोर चालायला लागली.

दुपारी निघालो. विक्रोळी, कांजूर, भांडुप, सगळा ओळखीचा रस्ता. गाडी छान चालली. खड्डा दिसला की मी वेग कमी करत होतो, मागे बसलेल्याला दणका बसू नये म्हणून. हे लक्षात आलं तरी मी तसाच चालवत राहिलो.

मुलुंडच्या इमारतीच्या गेटशी गाडी उभी केली आणि दोन्ही पाय टेकून बसून राहिलो. ती उतरायची, साडी सारखी करायची आणि माझ्या खांद्यावर थाप मारायची. त्या थापेशिवाय मी कधी इंजिन बंद करत नसे, की गाडीवरून उतरत नसे. इंजिन चालू होतं, धूर जमत होता, मी समोर बघत होतो. वॉचमन नवा, मला न ओळखणारा, हाताने धूर बाजूला सारत आला.

"कुणाची वाट बघताय का?"

"नाही," मी म्हटलं. "कुणीच यायचं नाहीये." आणि मी इंजिन बंद केलं.